गाव, ताट, गोठा आणि छंद

पदव्युत्तर मराठीच्या वर्गात वर्षारंभी परिचयाचा एक तास होतो. विद्यार्थी एकामागून एक उभे राहतात आणि नाव, गाव, आवडता पदार्थ, घरी एखादा पाळीव प्राणी असल्यास तो, आणि छंद असे रकाने भरून खाली बसतात. वीस-बावीस वर्षे या वर्गांवर जाणाऱ्या आमच्यासारख्या अध्यापकांना ही उत्तरे ऐकण्यापूर्वीच ठाऊक असतात. गाव तालुक्याच्या नावाने सांगितले जाते. पदार्थ पुरणपोळी, मिसळ, अलीकडे पनीरचे काहीतरी. प्राणी असलाच तर कुत्रा. छंद म्हणजे वाचन, संगीत ऐकणे आणि प्रवास. ज्या मुलाने परीक्षेखेरीज जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलेले नाही, तोही प्रवासाचा छंद सांगतो.

मुलांची भीड चेपावी एवढ्याचसाठी हा तास असतो, त्यात एवढे काय पाहायचे, असे आमचे काही सहकारी म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. ज्या भाषेचे साहित्य आपण शिकवतो त्या भाषेत गाव, अन्न, जनावर आणि फुरसत या गोष्टी निव्वळ आवडीनिवडीच्या कधीच नव्हत्या. त्या नात्याच्या आणि सामाजिक पायरीच्या गोष्टी होत्या, आणि पुष्कळ अंशी आजही आहेत. त्या जणू केवळ आवडीच्याच आहेत असे धरून प्रश्न विचारला की विद्यार्थी मान्यताप्राप्त उत्तराचा आश्रय घेतो. साहित्याच्या वर्गात उच्चारलेले त्याचे पहिलेच वाक्य उसने असते. ही बाब आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

मराठीत माणसाची ओळख परंपरेने 'कोणाचा कोण' या प्रश्नाने होत आली. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील त्याच नावाचा लेख याची उत्तम साक्ष आहे. त्यातला मूळ प्रसंग परिचयाचाच आहे. सभेत लेखिकेची ओळख करून दिली जाते. तिची विद्वत्ता सांगितली जाते, नामांकित सासरे आणि पती यांचा उल्लेख होतो. तरीही काहीतरी राहून गेल्यासारखे तिला वाटते. पुढे रस्त्याने जाताना एक शाळकरी मुलगा आपल्या सोबत्यांना, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, असे सांगतो आणि ती उणीव भरून निघते. या लेखावर स्त्रीवादी अंगाने आक्षेप घेता येतात. ते घेतलेही जावेत. आम्हांला येथे एवढेच दाखवायचे आहे की एका अत्यंत आधुनिक, बुद्धिवादी विदुषीच्या या आत्मपरिचयाचा सारा आधार नात्यांचा आहे. तिला काय खायला आवडते, हे तेथे कोणी विचारत नाही.

याहून तीनशे वर्षे मागे गेलो तर संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मनिवेदनपर अभंग भेटतात. मराठीत स्त्रीने स्वतःविषयी सांगितलेल्या इतक्या सविस्तर कथनांत हे फार आरंभीचे. त्यात गाव आहे: वेरूळच्या परिसरातले देवगाव. सासर आहे: शिऊर. भाऊबंदकीच्या आणि कर्जाच्या कटकटींमुळे कुटुंबाने केलेली भटकंती आहे. आणि कोल्हापूरच्या मुक्कामात एक वासरू आहे. हे वासरू बहिणाबाईला सोडून राहत नाही, तिच्यावाचून वैरणपाण्याला तोंड लावत नाही, तिच्या मागोमाग जयराम स्वामींच्या कीर्तनाला जाते. बहिणाबाईचे वय तेव्हा अकराच्या आसपास. त्या वासरापायी तिला नवऱ्याचा मार बसतो. वासरू मरते तेव्हा ती काही दिवस शुद्धीवर नसते, आणि त्याच अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन घडते. आता या वासराला पाळीव प्राणी म्हणावे काय? गाव, घर, नवरा यांतले काहीही तिने स्वतः निवडलेले नाही, आणि वासरूही निवडलेले नाही. पण तिच्या साऱ्या चरित्रात तिला पहिल्याने ओळखले ते त्या मुक्या जिवाने, असे आम्हांला वाटते.

गावाकडे वळू. 'गाव कोणते?' हा मराठीतला सर्वांत सभ्य दिसणारा प्रश्न आहे. एसटीत शेजारी बसलेला प्रवासी तो विचारतो, खोली भाड्याने देणारा विचारतो, मुलगी पाहायला आलेले विचारतात. उत्तर मिळाल्यावर दुसरा प्रश्न येतो, 'गावात कुठे?' आणि तिसरा, 'आडनाव काय म्हणालात?' एवढ्यात माणसाची जात बहुधा कळून चुकते आणि कोणी जात विचारली असे म्हणायलाही जागा राहत नाही. गावावरून पडलेले 'कर'युक्त आडनाव ब्राह्मणाचे, मराठ्याचे, महाराचे, कोणाचेही असू शकते. म्हणूनच तर 'गावात कुठे' हे विचारावे लागते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा यांसारखी जातिवाचक वस्तिनामे बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर अशी नावे पुढे आली. निर्णय योग्यच होता. परंतु पाटी बदलली तरी वस्ती गावाच्या त्याच अंगाला राहते, आणि 'समतानगर' म्हटल्यावर समोरच्याला जे कळायचे ते कळतेच. तालुक्याचे नाव सांगून खाली बसणाऱ्या विद्यार्थ्याला हे सारे ठाऊक असते. त्याचे ते उत्तर मोघम असले तरी अजाणतेपणाचे नाही.

काहींच्या बाबतीत गाव या शब्दाचाच आधार सुटलेला असतो. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव त्याच्या पाण्याखाली गेले; पाणी खूप ओसरले की तेथील जुने देऊळ वर येते आणि लोक होड्यांनी ते पाहायला जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. अशा बुडालेल्या गावांतल्या कुटुंबाची तिसरी पिढी आज महाविद्यालयात आहे. तिने कोणते गाव सांगावे? विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) ही कादंबरी आम्ही धरणग्रस्तांचा प्रश्न म्हणून शिकवतो. ती ओळखीच्या प्रश्नाचीही कादंबरी आहे, हे सांगायचे राहून जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत कितीतरी गावे नव्या जागी वसली. नाव तेच राहिले, पांढरी बदलली. (जिल्ह्याचे नाव पुढे २०२३ मध्ये धाराशिव झाले, त्यामुळे एकाच घरातल्या दोघा भावंडांच्या दाखल्यांवर जिल्हा वेगवेगळा असू शकतो.)

आणि भटक्या-विमुक्तांचे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो १९११ मध्ये देशभर लागू करण्याची तरतूद झाली आणि जो १९५२ मध्ये रद्द झाला, कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. कोठून आलास, कोठे चाललास, हे त्यांना पाटलापुढे आणि पोलिसांपुढे हजेरी लावून सांगावे लागे. कायदा गेला तरी ती नजर पुष्कळ काळ गेली नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने वाचलेल्या कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या आजोबांना 'कुठल्या गावचा रे तू?' हा प्रश्न काठी हातात घेतलेल्या माणसाने विचारला, त्यांच्या नातवाला तोच प्रश्न वर्गात हसतमुखाने विचारला जातो, तेव्हा त्याच्या कानाला तो तितकासा नवा वाटत नसावा.

विवाहित विद्यार्थिनीची अडचण निराळी. तिने माहेर सांगावे की सासर? हजेरीपटावर एक असते, तोंडी एक येते, आणि दोन्हींच्या मध्ये ती क्षणभर थांबते. त्या थांबण्याची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

आता ताट. 'आवडता पदार्थ' या शब्दप्रयोगातच एक गृहीतक दडलेले आहे: पुढे अनेक पदार्थ आहेत आणि त्यांतून एक निवडायचा आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्या घरी आजही सांगितल्या जातात, तेथे सुकडी आणि मिलो हे शब्द चवीचे नाहीत. रोजगार हमीच्या कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी ही त्या पिढीची ओळख आहे, आवड नव्हे. 'बलुतं' (१९७८) या दया पवारांच्या आत्मकथनाचे नावच मुळी अन्नाशी, म्हणजे गावकीच्या कामाच्या मोबदल्यात दारोदार फिरून गोळा कराव्या लागणाऱ्या धान्याशी आणि भाकरतुकड्याशी जोडलेले आहे. लेखकाने आपला परिचय एका शब्दात करून दिला आणि तो शब्द गाव व अन्न या दोहोंना एकत्र बांधणारा निघाला. आमच्या दृष्टीने मराठीतले ते सर्वांत नेमके आत्मपरिचयाचे शीर्षक आहे.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि पिढ्यान्‌पिढ्या नववधूंना भेट दिले गेले. आम्ही त्या पुस्तकाचे ऋणी आहोत. आमच्यापैकी दोघींचा स्वयंपाक त्यावरच उभा राहिला. पण मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या चुलीवर शिजणारे अन्न, त्याच्या कृती आणि त्यामागचा इतिहास अशा विस्ताराने मराठी वाचकापुढे यायला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाची, म्हणजे २०१५ ची वाट पाहावी लागली. मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली. दरम्यान दलित आत्मकथनांत त्या अन्नाचे उल्लेख जागोजागी येत होते, आम्ही ते वर्गात वाचूनही दाखवत होतो, मात्र 'दाहक अनुभव' या शीर्षकाखाली. मांस वाळवून, चान्या करून ठेवणे हे दारिद्र्याचे लक्षण म्हणून शिकवले गेले. ते एक कौशल्य आहे, त्यात प्रमाण आहे, हात बसावा लागतो, आणि त्याची चव कोणाला तरी आवडतही असेल, ही शक्यता विचारात घ्यायला पाककृतीचे पुस्तक लागले. 'दाहक' हे विशेषण समीक्षेने काही वर्षे बाजूला ठेवले तर बरे होईल, असे आम्हांला अनेकदा वाटते.

विद्यार्थी मात्र आजही पुरणपोळीच सांगतात. त्याला कारण आहे. विद्यापीठाच्या शहरात खोली शोधताना 'खाण्यापिण्याचे काय?' या प्रश्नाला त्यांनी तोंड दिलेले असते. २०१५ मध्येच महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आणणारी कायद्याची दुरुस्ती लागू झाली, आणि काही घरांतला एक रोजचा पदार्थ त्या वर्षीपासून जाहीरपणे उच्चारण्याजोगा उरला नाही. वर्गात चाळीस जणांसमोर कोणी तो का उच्चारावा? इरावतीबाईंचा 'वाटचाल' हा वारीवरचा लेख येथे आठवतो. एकाच दिंडीत, एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालणारी माणसे जेवणाच्या वेळी आपापल्या जातीच्या पंगतीत बसतात, हे त्या टिपतात आणि त्याची खंत लपवत नाहीत. त्या लेखाला कित्येक दशके उलटली. महाविद्यालयाच्या आवारात मधल्या सुट्टीत डबे कसे उघडतात आणि कोण कोणाजवळ बसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तो लेख जुना वाटणार नाही.

पाळीव प्राण्यांच्या रकान्यात मात्र विनोद घडतो. एखादा मुलगा 'आमच्याकडे दोन म्हशी आणि चार शेळ्या' असे सांगतो आणि वर्ग हसतो. का हसतो? म्हैस पाळीव नाही काय? पु. ल. देशपांड्यांनी 'पाळीव प्राणी' हा लेख लिहिला तो शहरातल्या हौशी प्राणिपालकांच्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या गमती सांगण्यासाठी. तो अजूनही हसवतो. पण त्या लेखातला 'पाळीव' हा शब्द आणि शेतकऱ्याच्या घरातले गुरू, ढोर, जनावर, जित्राब हे शब्द एका घरातले नाहीत. जित्राबाला नाव असते, सर्जा किंवा ढवळ्या. पोळ्याला किंवा बेंदराला त्याची पूजा होते. आणि दावणीतले तेच जित्राब अडचणीच्या वर्षी बाजारात नेऊन विकले जाते. माया आणि व्यवहार येथे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. शहरी मनाला हे समजायला जड जाते. आनंद यादव यांनी १९७१ मध्ये शेतावरचा गडी आणि त्याच्या भोवतीची जनावरे यांवर कादंबरी लिहिली आणि तिला नाव दिले 'गोतावळा'. गोतावळा म्हणजे नातलगांचा मेळा. यंत्र आल्यावर एकेक जनावर शेतावरून जाते आणि नारबाचे आप्त कमी होत जातात. प्राण्याविषयीचे इतके समंजस मराठी शीर्षक आम्हांला दुसरे आठवत नाही. 'उपरा'मधल्या कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर असते. त्या कुटुंबातल्या मुलाने पाळीव प्राण्याच्या रकान्यात काय लिहिले असते?

छंदांबद्दल फार लिहावे असे नाही. जुन्या मराठीत 'छंदीफंदी' हे काही प्रशस्तिपत्र नव्हते. छंदाला साहित्यात मान मिळाला तो लघुनिबंधामुळे. ना. सी. फडक्यांच्या 'गुजगोष्टी', अनंत काणेकरांची 'पिकली पाने' ही १९३० नंतरच्या दशकातली पुस्तके. आपल्या लहानसहान आवडी, लकबी, हौशी यांवर लेखकाने वाचकाशी गप्पा माराव्यात, हा त्यांचा बाज. मराठीत आवडीच्या आधारे स्वतःला सादर करण्याची रीत तेथे रूढ झाली, आणि ती निवांत संध्याकाळ परवडणाऱ्या वर्गाने रूढ केली. पुढे तो प्रकार कृत्रिम होत गेला, ललित निबंधाने त्याची जागा घेतली. पण त्याची सावली लग्नाच्या बायोडेटावर आणि आमच्या परिचयाच्या तासावर अजून आहे. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारा मुलगा 'धावणे हा माझा छंद' असे सांगतो. घरच्या दहा माणसांच्या भाकऱ्या थापून पहिल्या तासाला येणारी मुलगी छंद म्हणून 'पाककला' लिहिते. या दोन वाक्यांवर एकेक लेख होईल, पण तो त्यांनी लिहायचा आहे.

मग हा तास बंद करावा काय? काहींचे तसे म्हणणे आहे: साहित्याचा वर्ग म्हणजे सामाजिक पाहणी नव्हे, मुलांची खासगी माहिती काढण्याचा आम्हांला अधिकार नाही. यातला दुसरा भाग आम्हांला पूर्ण मान्य आहे. चाळीस जणांसमोर उभे करून कोणाकडूनही गावाची वस्ती आणि ताटातला पदार्थ वदवून घेऊ नये. वदवून घेतलेला खरेपणा हा आत्मकथनाच्या नावाखालचा जुलूम होईल. दलित लेखकाकडून समीक्षेने कायम व्यथेचीच मागणी केली, तसलाच तो प्रकार. पहिला भाग मात्र मान्य नाही. आत्मचरित्र, आत्मकथन, ललित निबंध या तीन वाङ्मयप्रकारांवर आपण प्रश्नपत्रिका काढतो. त्या तिन्हींचे बीज या चार प्रश्नांत असताना ते साहित्याबाहेरचे कसे ठरतात?

आम्ही काही वर्षांपासून एक साधा मार्ग धरला आहे. तोंडी परिचय नावापुरता ठेवायचा. नंतर प्रत्येकाने एक पान लिहून आणायचे: गाव, अन्न, जनावर, फुरसत यांपैकी कोणतीही एकच गोष्ट घ्यायची, तीही 'आवडते' हा शब्द न वापरता. ज्याला लिहायचे नसेल त्याने वाचलेल्या एखाद्या पुस्तकातल्या गावाविषयी किंवा जेवणाविषयी लिहावे. पान वर्गात वाचायचे की अध्यापकाजवळच ठेवायचे, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे. आणि पहिले पान अध्यापकाचे. ते त्याने वर्गात मोठ्याने वाचायचे, त्यात 'गावात कुठे' हेही आले पाहिजे. ही शेवटची अट आमच्यातल्याच काहींना जड गेली. विद्यार्थ्यांना ती जड जात असेल याची कल्पना त्यातूनच आली.

आलेल्या पानांत सगळीच चांगली असतात असे नाही. पुरणपोळी अजूनही येते, आणि ती खरोखरच आवडणारे पुष्कळ आहेत. पण बाभळीच्या शेंगा शेळीसाठी गोळा करताना कोणत्या शेंगा घ्यायच्या आणि कोणत्या टाकायच्या, यावर गेल्या वर्षी एक पान आले. त्यात एकही विशेषण नव्हते. ते पान ज्याने लिहिले त्याने ते वाचून दाखवायला नकार दिला, म्हणून त्यातले अधिक काही येथे सांगत नाही.